नकाशा पेन्सिलीत असताना

आमच्या भागातली महापालिकेची जुनी मंडई पाडून तिथे नवी बांधायचं ठरलं आहे. गेल्या महिन्यात त्यासाठी शाळेच्या सभागृहात बैठक झाली. दीड तास चालली. त्या दीड तासात भिंतीवर सेलोटेपने चिकटवलेल्या नकाशाकडे जेमतेम चार माणसं गेली असतील. बाकी सगळा वेळ दोनच सूर लागले होते. एक : इतकी वर्षं काही झालं नाही, आता होतंय तर खोडा घालू नका. दुसरा : हे सगळं कुणासाठी चाललंय आणि यात कुणाचे किती, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. मधेच एका बाईंनी विचारलं, की हा आराखडा बाहेरच्या कुणा जाणकाराला दाखवला आहे का? त्यावर पुढच्या रांगेतून उत्तर आलं, ‘‘तज्ज्ञ आले की काम पाच वर्षं मागे!’’ टाळ्या पडल्या. प्रश्न तिथेच मेला.

मुंबईत कुठल्याही स्थानिक कामावरचा वाद असाच होतो. काम हवं की नको, आणि करणाऱ्याची नियत चांगली की वाईट, एवढ्या दोनच प्रश्नांभोवती सगळे फिरत राहतात. पण नियत अगदी गंगाजळासारखी असली तरी जिना चुकीच्या जागी येऊ शकतो. कंत्राटदाराने सिमेंटची एक गोणीही चोरली नाही तरी पुलाचं तोंड समोरच्या पुलाच्या वर राहू शकतं. ही तिसरी गोष्ट, म्हणजे प्रत्यक्ष आखणी, तिच्याविषयी बोलायला कुणाला वेळ नसतो. माझं म्हणणं सरळ आहे. मंडई असो, पादचारी पूल असो, शाळा असो की नाल्याची भिंत, ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक कामाचा नकाशा निविदा निघण्याआधी, त्या कामातून एक पैसाही न मिळणाऱ्या जाणकारांनी तपासलाच पाहिजे. आणि त्यांच्या हरकतींना महापालिकेने लेखी उत्तर दिलंच पाहिजे. पेन्सिलीत असलेली चूक खोडरबराने जाते. स्लॅब पडल्यावर ब्रेकर लावावा लागतो.

अंधेरीचा गोखले पूल आठवा. नोव्हेंबर 2022 मध्ये तो धोकादायक म्हणून बंद झाला. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांनी सव्वा वर्ष हाल सोसले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली. लोक बघतात तर काय, शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तो जुळतच नव्हता. रुळांवरची उंची रेल्वेच्या नव्या नियमानुसार वाढवावी लागली होती, त्यामुळे नवा पूल वर आणि बर्फीवाला खाली. मग व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेला विचारलं गेलं. जॅक लावून बर्फीवाला पुलाचा भाग एका टोकाला 1397 मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला 650 मिलिमीटर उचलला गेला, आणि जुलैमध्ये जोडणी झाली. उचलण्याचं ते काम कौतुकाचंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण मधल्या काळात शहराने काय केलं? मीम केले, आणि कुणी किती खाल्लं याचे हिशेब मांडले. ज्या मंडळींनी फेब्रुवारीनंतर उपाय सांगितला, त्याच मंडळींसमोर दोन्ही पुलांच्या उंचीचे आकडे वर्षभर आधी, कागदावर, शेजारी-शेजारी ठेवले असते तर? बैल गेला नि झोपा केला, ही म्हण शेतकऱ्याने कुणासाठी केली असेल ती असो, ती मुंबईच्या कामांना चपखल बसते.

मोठ्या पुलाचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, ते तांत्रिक प्रकरण आहे, आपल्या गल्लीतल्या कामाला कशाला तज्ज्ञ? तर गल्लीतलंच सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र बांधलं. पावसाचं पाणी साचतं म्हणून जोतं दोन फूट, म्हणजे साधारण 60 सेंटिमीटर उंच घेतलं. ते शहाणपणाचंच होतं. व्हीलचेअरसाठी रॅम्प दाखवला होता, तोही योग्यच. आमच्या इमारतीत एक निवृत्त ड्राफ्ट्समन काका राहतात. भूमिपूजनाच्या दिवशी नारळ, हार, सतरंजी अशा गर्दीत ते टेबलावर अंथरलेल्या नकाशाकडे गेले आणि रॅम्पवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हा बसत नाही.’’ रॅम्पचा उतार एकास बारा लागतो. 60 सेंटिमीटर चढायला 7 मीटर 20 सेंटिमीटर लांबी हवी. नकाशात जागा होती अडीच मीटर. कनिष्ठ अभियंता भला माणूस होता. त्याने काकांना खुर्ची दिली, पेढा दिला आणि म्हणाला, ‘‘काका, साइटवर ॲडजस्ट करू.’’

साइटवर काही ॲडजस्ट झालं नाही. होणारही नव्हतं. अडीच मीटरच्या पुढे गटार आहे आणि गटाराच्या पुढे रस्ता. आज तो रॅम्प एकास चार उताराचा आहे. तरणाताठा माणूससुद्धा त्यावरून रिकामी व्हीलचेअर खाली सोडताना दोन्ही हातांनी धरून ठेवेल. सकाळी तिथे दुधाचे क्रेट ठेवतात, दुपारी स्कूटर. काका स्वतः आता काठी घेऊन चालतात आणि केंद्रात जात नाहीत. यात भ्रष्टाचार शोधून दाखवा. सापडणार नाही. प्रवेश बाजूच्या भिंतीने घेऊन रॅम्प दोनदा वळवला असता तर काम झालं असतं, त्याच पैशात. ‘साइटवर ॲडजस्ट करू’ या तीन शब्दांनी या शहराचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं लाचेने केलं असेल का, याची मला शंका आहे. (लाचेची वकिली करत नाही, हे सांगून ठेवलेलं बरं.)

आता समोरच्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेऊ. उशीर. हा मुद्दा झटकून टाकता येत नाही, कारण मुंबईत उशिराने माणसं मेली आहेत. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. तिथे नवा पूल मंजूर झालेला होता. फक्त कागदावरून खाली उतरला नव्हता. ज्यांनी ती सकाळ पाहिली, त्यांना ‘अजून एका समितीपुढे ठेवू’ म्हटल्यावर चीड येते, आणि ती येणं रास्त आहे. पण त्या पुलाला उशीर कशाने झाला? कुणी त्याच्या रुंदीवर हरकत घेतली होती म्हणून नव्हे. मंजुरी, तरतूद, निविदा या टेबलांवरून फाईल सरकत होती, आणि त्यातलं एकही टेबल आराखडा बघायचं नव्हतं. आपल्याकडे फाईल दहा जण पाहतात खरं. पण त्यातले नऊ जण सही, रक्कम आणि शिक्का पाहतात. नकाशातली माणसं कुठून येतील, कुठे अडतील, हे बघायचं कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. म्हणून मी अकरावं टेबल मागत नाही. पंधरा दिवसांची मुदत घाला. त्यात अभिप्राय आला नाही तर काम पुढे जाऊ द्या. गोखले पुलाची एक बाजू फेब्रुवारीत उघडली आणि जोडणी जुलैत झाली. त्या महिन्यांशी हे पंधरा दिवस ताडून बघा.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो : तज्ज्ञच चुकतात, किंवा विकले जातात. 14 मार्च 2019 ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं. किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायोग्य ठरवला गेला होता. म्हणजे जाणकाराची सही होती आणि तरीही पूल पडला. मग कशाला हवेत तुमचे जाणकार, असं कुणी म्हटलं तर काय सांगणार? एवढंच सांगेन, की ते परीक्षण बंद दाराआडचं होतं. ज्याचं काम तपासायचं त्यानेच नेमलेला, त्यानेच पैसे दिलेला सल्लागार, आणि त्याचा अहवाल पूल पडेपर्यंत पुलावरून जाणाऱ्या एकानेही पाहिलेला नव्हता. सल्लागाराचं शुल्क तर अनेकदा कामाच्या रकमेवर टक्क्यांनी ठरतं. मग ‘एवढ्या मोठ्या पुलाची गरजच नाही, खालचा सिग्नल नीट करा’ असं तो कशाला सांगेल? परीक्षण करणाऱ्याचं पोट त्या कामावर नसावं, तो एकटा नसावा, आणि त्याने जे लिहिलं ते चारचौघांत लागावं. हिमालय पुलाने मला शिकवलं ते हे. परीक्षणच नको, असा धडा त्यातून काढणं म्हणजे डॉक्टरने चुकीचं औषध दिलं म्हणून नाडी बघायची पद्धतच बंद करणं.

बरं, नियम आहेत ना, विकास नियंत्रण नियमावली आहे ना, असंही विचारलं जातं. आहे. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये जाऊन बघा. रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांत घरं गेलेल्यांसाठी बांधलेल्या या वसाहती. नियमांत सवलती देऊन इमारती इतक्या खेटून उभ्या केल्या, की काही ठिकाणी दोन इमारतींत तीनच मीटरचं अंतर आहे. खालच्या मजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या पाहणीत या वसाहतींमधला क्षयरोग आणि घरात न पोहोचणारा उजेड-वारा यांचा संबंध समोर आला. प्रत्येक नकाशा मंजूर झालेला होता. नियमात बसणं आणि राहण्याजोगं असणं यांत अंतर पडू शकतं, आणि ते अंतर ओळखायला पट्टी पुरत नाही, डोळा लागतो. पहिल्या मजल्याच्या खिडकीत डिसेंबरमध्ये किती वाजता ऊन येईल, एवढा एकच प्रश्न कुणी त्या नकाशाला विचारला असता!

हे आजचंच आहे असंही नाही. 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॅकबेमध्ये समुद्र हटवायची प्रचंड योजना निघाली. आठ तुकड्यांत भराव घालायचा होता. समुद्रात किती चिखल उपसता येईल, त्याला काय खर्च येईल, बांधलेली भिंत तो चिखल धरून ठेवील का, हे सगळे हिशेब पुढे कोलमडले. वकील खुर्शेद नरिमन यांनी सरकारच्या तोंडावर हे प्रकरण बाहेर काढलं, त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला झाला, ते सुटले. 1926 मध्ये चौकशी समिती बसली आणि अर्धी योजना गुंडाळावी लागली. आपण नरिमन यांचं नाव एका टोकाला, नरिमन पॉइंटला, दिलं आणि त्यांचा मूळ प्रश्न विसरलो. तो असा होता, की पैसे ओतण्याआधी हे आकडे परक्या नजरेने कुणी तपासले?

पण इतिहास माझ्या बाजूने एवढा सरळ उभा राहत नाही. प्लेगनंतर 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी स्थापन झालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणजे तज्ज्ञांचंच राज्य होतं. दादर-माटुंग्याच्या हिरव्या वसाहती, प्रिन्सेस स्ट्रीटसारखे समुद्रावरचा वारा शहरात यावा म्हणून आखलेले रस्ते, हे त्यांचं कर्तृत्व. आणि दाट वस्त्यांतल्या गरिबांच्या खोल्या पाडायच्या, पण तेवढ्या बांधायच्या नाहीत, हेही त्यांचंच. पाडलेल्या खोल्यांतली माणसं शेजारच्या आधीच भरलेल्या चाळीत घुसली. कागदावर वस्ती ‘सुधारली’. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश माणूस 1914 मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. नकाशावर सरळ रेघ मारून वस्ती चिरायच्या पद्धतीवर त्याने सडकून टीका केली. आधी गल्लीतून चाला, कोण कुठे पाणी भरतं ते बघा, आणि मग लागेल तेवढीच शस्त्रक्रिया करा, असा त्याचा आग्रह. तोही तज्ज्ञच होता. फरक इतकाच, की त्याने तपासणीला सुरुवात रस्त्यावर केली, टेबलावर नाही.

म्हणून ‘तज्ज्ञ म्हणजे कोण’ हा प्रश्न टाळून चालणार नाही. वरळीचे कोळी बांधव सांगत होते, की किनारी रस्त्याच्या पुलाचे खांब क्लीव्हलँड बंदराच्या वाटेत एकमेकांपासून 60 मीटरवर आले तर भरती-ओहोटीच्या ओढीत बोट खांबावर आदळेल. त्यांची मागणी 160 मीटरची होती. वर्षानुवर्षं आंदोलनं, समुद्रात काम अडवणं, अहवाल, प्रतिअहवाल असं चाललं आणि 2022 च्या अखेरीस एक खांब वगळून ते अंतर 120 मीटर करायचं ठरलं. त्या पाण्यात बोट हाकणाऱ्यापेक्षा त्या पाण्याचा मोठा जाणकार कोण? पदवीचा कागद त्यांच्याकडे नव्हता, एवढंच. आराखडा आखतानाच त्यांना बोलावून घेतलं असतं तर तो बदल खोडरबराचा होता. नंतर त्याला पुलाची रचनाच बदलावी लागली. ‘तज्ज्ञ की जनता’ अशी कुस्ती लावणारे दोन्ही गट इथेच चुकतात. परीक्षणाच्या टेबलावर स्ट्रक्चरल इंजिनीअर बसला पाहिजे, तसा ती जागा रोज वापरणाराही बसला पाहिजे. स्कायवॉकचंच बघा. वांद्र्यापासून सुरू करून मुंबई परिसरात असे तीन डझन पूल उभे केले. त्यातल्या कित्येकांवर दिवसा शुकशुकाट आणि रात्री जायची भीती. हातात दोन पिशव्या घेतलेल्या एका बाईला आधी विचारलं असतं, की ताई, तुम्ही हे दोन जिने चढाल का?

नुसता सल्ला वेळेवर मिळूनही भागत नाही, हेही मान्य करतो. 1985 च्या पुरानंतर पर्जन्यजल वाहिन्यांचा अभ्यास झाला, 1993 मध्ये त्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल हातात आला. ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची क्षमता 50 करा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बारा वर्षं तो बहुतेक कपाटात राहिला. मग 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर कोसळला. तेवढ्या पावसापुढे 50 चीही मात्रा चालली नसती, हे खरं. पण त्याआधीच्या आणि नंतरच्या साध्या पावसाळ्यांचं काय? हिंदमाताला गुडघाभर पाणी यायला 944 मिलिमीटर कधीच लागले नाहीत. सल्ला ऐकणं बंधनकारक नसेलही. लोकनियुक्त माणसाला किंवा आयुक्ताला तो नाकारायचा हक्क असावा. पण नाकारताना कारण लिहून, खाली सही करून नाकारावं. ही एक अट असती तर 1993 आणि 2005 च्या मधल्या बारा वर्षांत कुणाला तरी लिहावं लागलं असतं, की हे का करत नाही.

हे मुंबईला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना वारसा समितीची आठवण करून देतो. 1995 पासून या शहरात वारसा इमारतींसाठी नियम आहेत, देशात असे पहिलेच. यादीतल्या वास्तूचा सज्जा बदलायचा तरी समितीपुढे जावं लागतं. समितीवर उशिराचे आरोप झाले, होतात, काही खरेही आहेत. पण फोर्टातून चालताना नजर वर जाते ती काही अंशी तिच्यामुळे. दिल्लीत तर बांधकामांचे आराखडे बघायला 1973 च्या कायद्याने नगर कला आयोग नेमला आहे. आपल्याकडे शंभर वर्षं जुन्या खिडकीला परीक्षण आहे आणि पुढची पन्नास वर्षं वापरायच्या मंडईला नाही, हे कसं? माणसांची वानवा नाही. माटुंग्याला व्हीजेटीआय आहे, पवईला आयआयटी आहे, सीएसएमटीसमोर जे. जे. चं वास्तुकला महाविद्यालय आहे. प्रत्येक वॉर्डात आमच्या काकांसारखे निवृत्त लोक आहेत, ज्यांना चहा आणि नकाशाची स्वच्छ प्रत एवढंच हवं असतं. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून पालिका प्रशासकाच्या हाती गेली, तेव्हा तर ‘साहेब, हे असं का?’ म्हणायला वॉर्डात हक्काचं माणूसही उरलं नव्हतं.

बैठक संपल्यावर मी त्या भिंतीवरच्या नकाशाजवळ गेलो, तेव्हा तिथे आधीच मंडईतल्या मासळीवाल्या मावशी उभ्या होत्या. चष्मा नव्हता, म्हणून मला वाचायला सांगत होत्या. मासळी विभागाचे ओटे नकाशात 90 सेंटिमीटर उंच दाखवले आहेत, वर ग्रॅनाइट. मी हाताने उंची दाखवली. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘यावर मी काय उभी राहून कापू? आम्ही बसून कोयता चालवतो रे, दिवसभर. आणि उंच ओट्यावर चढून बसले तर गिऱ्हाईक माझ्या गुडघ्याशी बोलणार?’’ मग त्यांनी बर्फाचं पाणी कुठून जाईल ते विचारलं. ओट्यांमागे एक बारीक तुटक रेघ होती, सांडपाण्याची, आणि टोकाला एक जाळी. ‘‘एकच जाळी? दहा वाजेपर्यंत खवल्यांनी भरेल. मग पाणी भाजीवाल्यांकडे.’’ भाजी विभाग त्या रेघेच्या खालच्या अंगालाच आहे, हे मी तेव्हा पाहिलं.

मी ते सगळं लिहून वॉर्ड ऑफिसात दिलं आहे, आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला आहे. खिडकीवरचा माणूस सौजन्याने वागला. निविदा पुढच्या महिन्यात निघेल, असं त्याने सांगितलं. ओट्यांचं विचारलं तर म्हणाला, ते काय, साइटवर बघतील.